दडा, मळ की नस? कानाच्या ओपीडीत नव्याने आलेल्यांसाठी

दर वर्षी आमच्या विभागात नवे इंटर्न येतात, ऑडिऑलॉजी शिकणारी मुलं येतात, कधी एखादा नवा तंत्रज्ञ रुजू होतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे केसपेपर सारखेच. ‘तक्रार : ऐकू कमी येणे. सल्ला : ऑडिओमेट्री.’ मधली जागा कोरी. मग ऑडिओग्राम, म्हणजे त्या तपासणीचा आलेख, हातात पडला की त्या लाल-निळ्या रेघांकडे बघत कारण शोधायला बसायचं.

हे उलटं आहे. ऐकणं किती कमी झालं आणि बिघाड साधारण कुठल्या भागात आहे, एवढं रेघा सांगतात. तो का झाला, हे रुग्णाच्या बोलण्यात असतं, जुन्या डिस्चार्ज कार्डात असतं, नाहीतर पिशवीतल्या गोळ्यांत. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात ऑडिऑलॉजिस्ट आहे, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील. क्रम मात्र कुठेही चालेल.

१. आधी बोलतं करा

रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ‘कान फुटलाय’ म्हणजे बहुतेक वेळा कान वाहतोय. ‘ऐकू येतं, पण काय बोलले ते कळत नाही’ हे वाक्य आलं की नसेच्या बहिरेपणाचा संशय धरायचा. तेच आजोबा ‘जरा मोठ्यानं बोल’ म्हणतात आणि मोठ्यानं बोललं की ‘ओरडतोस कशाला’ म्हणून चिडतात. घरच्यांना हा स्वभावाचा दोष वाटतो. प्रत्यक्षात आतल्या कानाच्या पेशी कमी झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सहन होत नाही, मधली पट्टी अरुंद होते. याउलट कुणी म्हणालं की ‘गर्दीत, गाडीत बसल्यावर मला उलट बरं ऐकू येतं’, तर ते हसण्यावारी नेऊ नका. मधल्या कानातलं रिकिबीचं हाड जखडलं की असं होतं. गोंगाटात बाकीचे लोक आवाज चढवून बोलतात आणि या रुग्णाला तो गोंगाट स्वतःला फारसा ऐकू येत नाही.

‘दडा बसलाय’ हा सगळ्यात फसवा शब्द. विमानातून उतरलेला माणूस, सर्दी झालेला, मळ फुगलेला, आणि काल रात्रीत एका कानाची नस गेलेला, हे चौघंही हाच शब्द वापरतात.

म्हणून चार गोष्टी विचारायच्याच. कुठला कान? किती दिवसांत कमी झालं? सोबत काय आहे : पू, ठणका, चक्कर, कानात शिटी? आणि त्याच्या आधी काय घडलं होतं?

कुठला कान हे खात्रीने सांगता येत नसेल तर फोनचं विचारा. ‘पूर्वी फोन कुठल्या कानाला लावायचात? आता कुठल्या?’ हात आपोआप उत्तर देतो.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र घाई करायची नाही. वर्षानुवर्षं हळूहळू कमी झालेलं ऐकणं पुढच्या मंगळवारी तपासलं तरी बिघडत नाही. सकाळी उठले आणि एक कान बंद, किंवा दोन-तीन दिवसांत एका बाजूचं गेलं, असं ऐकलं की ती इमर्जन्सी समजा. व्याख्या अशी : ७२ तासांच्या आत, सलग तीन वारंवारतांना (म्हणजे सुरांच्या पातळ्यांना, हर्ट्झमध्ये) ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट, आणि ती नसेची. यात स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. त्या दिवशी ऑडिओमेट्रीची यादी भरलेली असली तरी मला येऊन सांगा, मी मध्ये घेते. डायबेटिस असेल तर स्टिरॉइडने साखर चढते, ते मेडिसिनवाल्यांना आधी कळवायचं. पुढे एमआरआयही करावा लागतो, कारण ऐकण्याच्या नसेवरची गाठ क्वचित अशीच उघडकीला येते.

इथे गल्लत कशी होते ते डोळ्यांनी पाहिलंय. माणूस गावातल्या दवाखान्यात जातो, कानात थोडा मळ दिसतो, थेंब मिळतात. पाच दिवस थेंब, मग सर्दीच्या गोळ्या, मग कुणीतरी सांगतं म्हणून लसणाचं गरम तेल. आमच्यापर्यंत येतो तेव्हा महिना झालेला असतो. मळ खराच होता. पण मळ वर्षभर तिथेच होता आणि कान मात्र गेल्या महिन्यात गेला, हे कुणी विचारलंच नाही.

चौथा प्रश्न सर्वांत लांबतो आणि सर्वांत कामाचा असतो. ‘काही आजार होता का?’ असं मोघम विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येईल. नाव घेऊन विचारा. टीबीची इंजेक्शनं घेतली होती का? मेंदूज्वर? गालगुंड? किडनीचं काही? डोक्याला मार? काम काय करता, आणि त्याआधी काय करत होता? लहान मूल असेल तर आईला विचारा : जन्मल्यावर लगेच रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती चढली होती, रक्त बदलावं लागलं का? नात्यातलं लग्न आहे का, हेही विचारावंच लागतं, कारण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतात आणि जन्मजात बहिरेपणाच्या बऱ्याच प्रकारांत आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं. पण आरोप केल्यासारखं नको. ‘माहेर आणि सासर आधीपासून ओळखीचं होतं का?’ इथून सुरुवात केली की बाई स्वतःच पुढचं सांगते. सासू शेजारी बसलेली असेल तर हा प्रश्न नंतर.

२. मग कानात बघा

मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा, तान्ह्यांचा खाली आणि मागे. त्याशिवाय पडदा दिसत नाही.

मळ असेल तर काढल्याशिवाय ऑडिओमेट्री करू नका, पण मळ दिसला म्हणून तपास तिथेच थांबवूही नका. पिचकारीने कान धुणार असाल तर पाणी शरीराच्या तापमानाचं हवं. गार किंवा जास्त गरम पाणी गेलं की रुग्ण खुर्चीतच गरगरतो. ‘पूर्वी कधी कान वाहायचा का?’ हे विचारल्याशिवाय पिचकारी हातात घ्यायचीच नाही. मळामागे पडद्याला भोक असेल तर आपण पाणी थेट मधल्या कानात सोडतो.

पावसाळ्यात, आणि कोकणातून येणाऱ्यांत जास्तच, बुरशी दिसेल. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर, त्यावर काळे ठिपके. कान प्रचंड खाजतो. काडी, पिन, गाडीची किल्ली, जे सापडेल ते घालून झालेलं असतं. थोडा दडा बसतो, साफ केलं की ऐकू येतं. इथे फार वेळ घालवू नका.

वाहणारा कान मात्र नीट बघा. भोक पडद्याच्या मधोमध आहे, पाणी भरपूर पण वास नाही, सर्दी झाली की वाढतं : हा त्यातल्या त्यात साधा प्रकार. भोक पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा कडेला, स्राव थोडासाच पण कुजकट वासाचा, कधी रक्त : हा धोक्याचा. आत हाड कुरतडणारी पांढरी पोतडी, म्हणजे कोलेस्टिएटोमा, असू शकते आणि ती चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. गंमत म्हणजे अशा रुग्णाचं ऐकणं कधी कधी बऱ्यापैकी असतं. कुरतडलेल्या हाडाच्या जागी ती पोतडीच आवाज पुढे पोचवत असते. ‘ऐकू तर येतंय ना’ म्हणून ऑपरेशन लांबवणारे रुग्ण यातलेच.

पडदा शाबूत, पण निस्तेज, आत ओढलेला, मागे पाणी साठल्यासारखा. लहान मुलात हे फार दिसतं. तोंडाने श्वास, घोरणं, टीव्हीजवळ जाऊन बसणं, आणि शाळेतल्या बाईंची तक्रार की ‘लक्ष देत नाही’. टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या चाचणीत, सपाट रेघ येते, तिला आपण बी टाइप म्हणतो. ही मुलं बहुतेक सुधारतात. पण हेच चित्र चाळिशी-पन्नाशीच्या माणसात एकाच कानात दिसलं, आणि सर्दीचं सबळ कारण नसेल, तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीतून बघितल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. तिथली गाठ कानाच्या नळीचं तोंड दाबून बसलेली असू शकते.

३. फोर्क वाजवा

नव्या मुलांना ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की एका ठरावीक सुरात घुमणारा धातूचा चिमटा, जुनाट वाटतो. मशीन असताना हे कशाला, असं तोंडावर दिसतं. म्हणून माझीच फजिती सांगते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी बारावीतली एक मुलगी आली होती. डावा कान. मी ऑडिओमेट्री केली : डाव्या कानाला हवेतून (हेडफोनने) ५५-६० डेसिबलला ऐकू येतंय, हाडातून (कानामागच्या हाडावर कंप देऊन) अगदी नॉर्मल. म्हणजे आवाज पोचवण्यात अडथळा, कंडक्टिव्ह. पडदा स्वच्छ. मी ‘रिकिबीचं हाड जखडलेलं असावं’ अशी नोंद करून मोकळी. आमच्या सरांनी ऑपरेशनचं बोलायच्या आधी खिशातला ५१२ हर्ट्झचा फोर्क काढला, गुडघ्यावर वाजवून तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, ‘कुठल्या बाजूला?’ ती म्हणाली, ‘उजव्या.’ सरांनी माझ्याकडे बघितलं.

डाव्या कानात नुसता अडथळा असता तर आवाज डावीकडे गेला असता. तो चांगल्या कानाकडे गेला, म्हणजे डावी नसच बंद होती. मी डावीकडे मोठा आवाज दिला तो कवटीतून पलीकडे जाऊन उजव्या कानाने ऐकला होता. हाडाचा आवाज तर सहजच पलीकडे गेला. मी चांगल्या कानात मास्किंगचा आवाज, म्हणजे त्याला गुंतवून ठेवणारा खरखराट, दिलाच नव्हता. मास्किंग देऊन परत केलं तेव्हा डावीकडे मशीनच्या शेवटच्या आकड्यापर्यंत काहीही नाही. मग आईला आठवलं, दुसरीत असताना गालगुंड झाले होते. गालगुंडाने एकाच कानाची नस अशी पूर्ण जाऊ शकते, आणि दुसरा कान चांगला असल्याने वर्षानुवर्षं कुणाला कळतही नाही.

तर, कपाळावरची चाचणी म्हणजे वेबर. अडथळ्यात आवाज खराब कानाकडे, नसेच्या बिघाडात चांगल्या कानाकडे. कानासमोर आणि कानामागच्या हाडावर आळीपाळीने धरतो ती रिने. कानासमोर जास्त ऐकू आलं तर नॉर्मल किंवा नस. हाडावर जास्त आलं तर अडथळा. मात्र पूर्ण बंद कानात रिने फसवते, कारण हाडावरचा आवाज पलीकडचा कान ऐकतो. दोन्ही केल्याशिवाय एकीवर विसंबू नका. आणि फोर्क टेबलाच्या कडेवर आपटू नका, बेसूर होतो.

४. आता ऑडिओग्राम

उजवा लाल गोल, डावा निळी फुली. सुरुवात चांगल्या कानापासून, १००० हर्ट्झला. रुग्णाने प्रतिसाद दिला की आवाज १० डेसिबलने खाली, नाही दिला की ५ ने वर. हेडफोनवर दोन कानांत ४० डेसिबल किंवा जास्त फरक पडतोय असं दिसलं की मास्किंग. हे वरच्या मुलीसाठी लक्षात ठेवा.

रेघेचा आकार ओळखायला शिका. हाडाची रेघ वर आणि हवेची खाली, दोघींत फट : अडथळा. नुसत्या अडथळ्याने साधारण ६० डेसिबलपलीकडे ऐकणं जात नाही. त्याहून जास्त दिसलं तर नसही गेलीय किंवा तुमचं काहीतरी चुकलंय. दोन्ही रेघा एकत्र खाली : नस. दोन्ही खाली आणि तरी फट : मिश्र, जुन्या वाहत्या कानात हेच सापडतं.

तरुण बाईत अडथळ्याची रेघ, पडदा नॉर्मल, हाडाच्या रेघेत २००० हर्ट्झला छोटी खाच : ओटोस्क्लेरोसिस, म्हणजे तेच रिकिबीचं हाड जखडणं. ‘दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलं’ असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. दोन्ही कानांत उजवीकडे उतरत जाणारी सारखी रेघ : वय. खालच्या सुरांत जास्त बिघाड, आज कमी उद्या बरं, सोबत तासभराची गरगर : मेनिएर हा आतल्या कानाचा आजार. दोन कानांच्या नसेत सारखेपणा नसेल, आणि कारण हाताला लागत नसेल, तर एमआरआय.

४००० हर्ट्झला खड्डा आणि ८००० ला परत थोडी वर आलेली रेघ दिसली की वर बघून रुग्णाचे हात बघा, काम विचारा. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव. यंत्रमागाच्या शेडमध्ये माणसं ओठ वाचून आणि खुणांनीच बोलतात. मागवाल्याला तुम्ही ‘ऐकू कमी येतं का’ विचारलंत तर तो नाही म्हणेल, कारण त्याच्या सोबतच्या सगळ्यांचं तसंच आहे. बायको घेऊन येते. एक मागवाले मला म्हणाले होते, ‘बाई, शेड बंद असली की कानात माग चालू होतो.’ कानातल्या आवाजाचं याहून चांगलं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने नोंदवायच्या आजारांत आहे. म्हणून केसपेपरवर ‘मजुरी’ असं लिहून सोडू नका. कुठलं काम, किती वर्षं, किती तासांची पाळी, हे लिहा. भरपाईची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

गणपतीनंतर ढोल-ताशा पथकातली मुलं आणि डीजेच्या भिंतीपुढे नाचलेली मुलं येतात, दिवाळीनंतर फटाका कानाजवळ फुटलेली. पहिल्यांत शिटी आणि दडा, बऱ्याचदा दोन दिवसांत ओसरतो. दुसऱ्यांत पडदा फाटलेलाही असू शकतो. थेंब टाकू नका, कान कोरडा ठेवा, पडद्याचं छोटं भोक बहुतेक वेळा आपलं आपण भरतं.

५. वॉर्ड बदलला की कारणं बदलतात

हे नव्यांना कुणी सांगत नाही. ओपीडीतल्या बहिरेपणाची कारणं आणि वॉर्डातून ‘कॉल’ येतो त्याची कारणं, दोन वेगळ्या जगांतली. आणि वॉर्डातल्या काही बहिरेपणाला आपणच, म्हणजे आपली औषधं, कारण असतात.

एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. कमी दिवसांचं, दीड किलोच्या आतलं, व्हेंटिलेटरवर राहिलेलं, रक्त बदलण्याइतकी कावीळ झालेलं बाळ. इथे नुसत्या ओएईवर (आतल्या कानाच्या पेशींची झटपट चाचणी) ‘पास’ लिहू नका, बेरा (नस आवाज पुढे मेंदूकडे पोचवते का ते बघणारी चाचणी) करा. काविळीत आतल्या कानाच्या पेशी ठीक आणि पुढची नस बिघडलेली, असं होतं. ओएई सुरेख येते आणि बेरा सपाट. निरोगी बाळाची ओएई पहिल्या दिवशी फेल झाली तर घाबरवू नका, कानात जन्माच्या वेळचा चिकटा असतो, परत करा. नियम १-३-६ : एका महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाचं मशीन. बेरासाठी बाळ झोपलेलं लागतं. आईला सांगायचं, सकाळी झोपवू नका, इथे आल्यावर पाजा. हे न सांगितल्यामुळे बसने तीन तास झोपत आलेलं बाळ आमच्या खोलीत टक्क जागं असतं.

टीबी आणि गंभीर संसर्ग. कानाला घातक ठरू शकणारी इंजेक्शनं : अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन. पूर्वी औषधाला न जुमानणाऱ्या टीबीत महिनोन्‌महिने कॅनामायसिनची इंजेक्शनं असायची आणि त्या रुग्णांपैकी काही जण टीबीतून बरे होऊन बहिरे होऊन गेले. आता बहुतेक उपचार गोळ्यांवर आलाय, पण जुने रुग्ण अजून येतात आणि अमिकासिन अजून वापरात आहे. सुरू झाल्यापासून पहिल्या ७२ तासांत एक ऑडिओग्राम काढून ठेवा, नाहीतर नंतरच्या घसरणीची तुलना कशाशी करणार? नुकसान वरच्या सुरांपासून सुरू होतं, जिथे बोलण्याचा फारसा संबंध नसतो, म्हणून रुग्णाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. एका वारंवारतेला २० डेसिबल किंवा शेजारच्या दोन वारंवारतांना १०-१० डेसिबल घसरलं की त्याच दिवशी वॉर्डात फोन करा. औषध थांबल्यावरही काही आठवडे घसरण चालू राहू शकते, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी परत बोलवा. ‘आईच्या माहेरी कुणाला इंजेक्शनने बहिरेपणा आला होता का?’ हाही प्रश्न विचारा. आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे एखाद-दुसऱ्या डोसनेही कान जाऊ शकतात.

कॅन्सर वॉर्ड. सिस्प्लाटिन हे किमोथेरपीचं औषध. वरच्या सुरांची, दोन्ही कानांची, परत न येणारी घट. डोस साठत जातो तशी वाढते. पहिल्या सायकलच्या आधी ऑडिओग्राम. लहान मुलांच्या बाबतीत यात सवलत नाही.

डायलिसिस. किडनीच बंद असल्याने औषधं शरीरात रेंगाळतात. शिरेतून भरभर दिलेलं फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) आणि सोबत अमिकासिन ही जोडी चार्टवर दिसली की सिस्टरांशी बोला. तरुण मुलगा, किडनी खराब, ऐकूही कमी, मामालाही तेच, असं असेल तर अल्पोर्ट या आनुवंशिक आजाराचा विचार करा.

मेंदूज्वर. विशेषतः जिवाणूंचा. डिस्चार्जच्या आधी कान तपासायचेच. आतल्या कानाच्या शंखाकृती भागात काही आठवड्यांत हाड तयार व्हायला लागू शकतं आणि मग कॉक्लियर इम्प्लांटची (ऑपरेशनने आतल्या कानात बसवायच्या यंत्राची) तार आत सरकत नाही. ‘ताप उतरला, मूल खेळायला लागलं, पुढच्या महिन्यात बघू’ इथे चालत नाही.

अपघात. दुचाकीवरून पडलेला, कानातून रक्त. कवटीच्या हाडाला उभा तडा गेला तर बहुतेक वेळा पडद्यामागे रक्त आणि अडथळा, जो बरा होऊ शकतो. आडवा तडा कमी वेळा दिसतो. त्यात नस जाते, चक्कर येते, चेहराही वाकडा होऊ शकतो. कान धुवायचा नाही, थेंब टाकायचे नाहीत.

मेडिसिन वॉर्ड, म्हातारी माणसं. एकदा कॉल आला : बाई, वय ७८, ‘गोंधळलेल्या, प्रश्नांची उत्तरं देत नाहीत, कानही तपासावा.’ गेले तर आजी छताकडे बघत पडलेल्या. डॉक्टर मास्क लावून, पायथ्याशी उभे राहून प्रश्न विचारत होते. मी सुनेला विचारलं, ‘मशीन वापरायच्या का?’ तर ती म्हणाली, ‘हो, पण हरवेल म्हणून कवळीच्या डबीत ठेवलंय.’ कॉटखालच्या पिशवीतून डबी निघाली. सेल संपलेला. माझ्या ड्रॉवरमध्ये १३ नंबरचे, नारंगी पट्टीचे सेल असतात. पट्टी काढून मिनिटभर हवा लागू दिली, बसवला, आजींच्या कानात घातलं. त्या पहिलं वाक्य बोलल्या ते, ‘जेवणात मीठ नसतं इथं.’ गोंधळ त्यांच्यात नव्हताच.

तेव्हा कॉलवर जाताना खिशात १३ आणि ३१२ नंबरचे सेल ठेवा. उशापाशी मोठ्या अक्षरांत ‘ऐकू कमी येतं. समोर या, मास्क खाली घ्या, सावकाश बोला’ अशी चिठ्ठी लावा. आयसीयूतून आलेल्यांचा पडदाही बघा. नाकात नळी आणि दिवसचे दिवस आडवं पडून राहिलं की पडद्यामागे पाणी साठतं.

६. नोंदवही

महिनाअखेरीस कुणीतरी विचारतंच, ‘आपल्याकडे बहिरेपणाचं मुख्य कारण काय?’ वही नीट असेल तर उत्तर देता येतं. रकाने : वय, बाई-पुरुष, गाव, काम, कुठून आला (ओपीडी की कुठला वॉर्ड), कुठला कान, किती काळ, प्रकार, प्रमाण, संभाव्य कारण, महिना. ‘कुठून आला’ हा रकाना गाळला की सगळी बेरीज निरुपयोगी होते. मागवाला आणि अमिकासिनवाला एकाच ढिगात पडतात.

प्रमाणासाठी एकच पट्टी वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पट्टीत चांगल्या कानाची ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी धरतात : २० च्या आत नॉर्मल, २० पासून सौम्य, ३५ पासून मध्यम, ५० पासून मध्यम-तीव्र, ६५ पासून तीव्र, ८० पासून अतितीव्र, ९५ पासून पूर्ण. जुन्या पट्टीत सौम्यची सुरुवात २६ पासून होती. वहीच्या पहिल्या पानावर कुठली पट्टी ते लिहा, नाहीतर मागच्या वर्षीशी तुलना करताना उगाच रुग्ण वाढलेले दिसतात.

आणि ही वही जिल्ह्याचं चित्र आहे असं समजू नका. कान वाहणारा येतो, कारण उशीवर डाग पडतात. वयाने कमी ऐकणारे आजोबा येत नाहीत, कारण ‘आता काय करायचंय’. एका कानाने ऐकणारं मूल येत नाही, कारण कुणाला पत्ताच नसतो. मागवाला पाळी बुडवून येत नाही. वहीत कोण आलं ते असतं, बस.

७. दाखले

म्हणजे दिव्यांगत्वाचे दाखले. यात तुम्ही पडाल तेव्हा शिकालच, थोडक्यात सांगते. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल म्हणजे बहिरा, ६० ते ७० म्हणजे ऐकण्यास कमजोर. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन असतं, त्यामुळे एक कान पूर्ण गेलेल्याला सवलतींसाठी लागणारे ४० टक्के मिळत नाहीत. वाईट बातमी स्पष्ट सांगा. कुणी मुद्दाम ऐकणं कमी दाखवतोय असं वाटलं तर वाद घालू नका, बेरा लावा. मशीनसाठी केंद्र सरकारची एडिप ही दिव्यांगांना साधनं देणारी योजना आहे. लहान मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे पाठवता येतं. तिथे वय बघतात, म्हणून दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या आईला ‘बोलेल हळूहळू’ असं सांगून घरी पाठवणं हा गुन्हाच आहे, असं मला वाटतं.

८. निघताना

रुग्णाला सगळं समजावून सांगितलंत, त्याने मान हलवली, तो निघाला. थांबवा. कमी ऐकू येणारा माणूस मान हलवतोच, आयुष्यभराची सवय असते. पुढची तारीख, खोली क्रमांक, थेंब कुठल्या कानात आणि किती, कान कोरडा ठेवायचा की नाही, हे केसपेपरच्या मागे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. वाचता येत नसेल तर सोबतच्याला बोलवा. मग रुग्णालाच विचारा, ‘परत कधी यायचं?’ त्याने तारीख बरोबर सांगितली की पुढचा नंबर पुकारा, आणि पुकारताना लक्षात ठेवा की बाहेर बसलेल्यांपैकी अर्ध्यांना तो ऐकू येणार नाहीये. दारात जाऊन हाताने बोलवा.